ती का उठून गेली

शेजारची इमारत पाडायला घेतली तेव्हा आमच्या बाल्कनीतल्या मधुमालतीच्या वेलात बुलबुलाचे घरटे होते. तळहातावर मावेल एवढे. काड्या, वाळकी मुळे आणि कुठून तरी उचललेला प्लास्टिकच्या सुतळीचा एक निळा धागा, अशी त्याची बांधणी. आत तीन अंडी, फिकट गुलाबी रंगावर तांबूस-जांभळे ठिपके असलेली, आणि जाड टोकाकडे ते ठिपके इतके दाट की तिथे जवळजवळ एक कडेच उमटलेले. मादी बसलेली असली की बाहेरून फक्त तिचा काळा तुरा आणि शेपटीचे पांढरे टोक दिसे. दुपारी ऊन वेलाला वळसा घालून थेट घरट्यावर उतरले की ती अंड्यांवरून उठे आणि चोच उघडी ठेवून, पंख किंचित पसरून नुसतीच वर उभी राही. पुण्यातल्या एप्रिलात अंड्यांना ऊब देण्याइतकेच सावली देणेही निकडीचे असते, हे मला तिच्याकडे पाहून कळले. मग पलीकडे ब्रेकर सुरू झाला. फडताळातले कप किणकिणू लागले, बाल्कनीच्या कठड्यावर पांढरी धूळ साचू लागली. ती दचकून उडाली आणि परत आली. पुन्हा उडाली, पुन्हा आली. दर वेळी परतायला थोडा अधिक वेळ लागू लागला आणि एका सकाळी ती आलीच नाही. संध्याकाळपर्यंत अंडी तशीच उघडी पडून होती.

शेजारच्या आजी दूध घ्यायला दारात आल्या होत्या, त्यांना मी हे सांगितले. "अंडी टाकून गेली? कसली मेली आई ही! पोटात माया असती तर अशी उठून गेली असती होय?" एवढे बोलून त्या आत वळल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता, पण मला ते बोलणे सलत राहिले. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाचे डोके त्या यंत्राने उठवले होते, आणि तरीही घरटे रिकामे झाले तेव्हा राग निघाला तो पक्ष्यावर.

भेदरलेल्या पक्ष्याच्या शरीरात काय घडते, हे अभ्यासकांनी फार बारकाईने मोजून ठेवले आहे. पक्षी जाळ्यात अडकला की ते घड्याळाकडे पाहतात आणि साधारण तीन मिनिटांच्या आत पंखाखालच्या शिरेला सुई टोचून, वर आलेले रक्ताचे थेंब काचेच्या केशनळीत ओढून घेतात. त्याहून उशीर झाला तर रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, चढू लागते आणि मग नळीत आलेला आकडा पक्ष्याच्या नेहमीच्या जगण्याचा की आपल्या हाताच्या भीतीचा, हे सांगता येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाकडून पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथींना असा ते सोडण्याचा निरोप रक्तातून जातो. माणसात आणि बहुतेक मोठ्या सस्तन प्राण्यांत त्याच कामाला कॉर्टिसॉल असते. आपण त्याला सरसकट 'ताणाचे संप्रेरक' म्हणतो खरे, पण ते काही विष नव्हे. त्याची थोडी मात्रा रोजच वाहत असते. सकाळी उठून अन्न शोधायला लागणारी उमेद त्यातूनच येते, आणि पिल्लांना भरवण्याच्या धावपळीत ती मात्रा थोडी वाढलेली असणेही स्वाभाविकच असते. पेच पडतो तो एका मर्यादेपलीकडे. जॉन विंगफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या अवस्थेची मांडणी 'आणीबाणी' म्हणून केली. वादळ, उपासमार, शिकारी प्राण्यांचा सततचा वावर अशा वेळी कॉर्टिकोस्टेरॉन उसळते आणि शरीर विणीची, हद्द राखण्याची सगळी कामे बाजूला सारून एकाच कामाला लागते, ते म्हणजे आधी स्वतः जगणे. वादळ सरले की पक्षी पुन्हा संसाराला लागू शकतो, अर्थात तो जिवंत राहिला असेल तर.

हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. स्वीडनमध्ये बेंग्ट सिल्वेरिन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिल्ले भरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या माशीमार पक्ष्यांना त्वचेखाली कॉर्टिकोस्टेरॉन दिले होते. ज्यांना कमी मिळाले ते भरवत राहिले, पण त्यांच्या खेपा रोडावल्या. ज्यांना भरपूर मिळाले ते घरटे सोडून निघून गेले. बाहेर ना वादळ होते, ना ससाणा. आतले रसायन तेवढे बदलले होते. फ्रान्समधला चिमण्यांवरचा एक प्रयोग मला त्याहून अधिक विचारात पाडतो. तिथे काही घरट्यांतली पिल्ले काढून दुसऱ्या घरट्यांत ठेवली, म्हणजे काही आईबापांच्या पदरी पिल्ले वाढली आणि काहींच्या कमी झाली. नंतर सगळ्यांना सारखेच पकडून ताणाखाली ठेवले, तर ज्यांच्या घरट्यात जास्त पिल्ले होती त्यांचे कॉर्टिकोस्टेरॉन कमी चढले. संकट तेच होते, पण घरी जितके अधिक अडकलेले तितका घाबरण्याचा वेग शरीरानेच खाली आणला होता. अंड्यांना चिकटून बसवणारे प्रोलॅक्टिन हे दुसऱ्या बाजूचे संप्रेरक. अंड्यांचा, पिल्लांचा स्पर्श ते टिकवून धरतो आणि तीव्र ताणाखाली ते खाली घसरू शकते. बसायचे की उठायचे, हे या दोन पातळ्यांच्या रस्सीखेचीत बरेचसे ठरते.

मला हा हिशेब आवडत नाही, हे इथेच सांगून टाकते.

आवडत नाही, पण तो नाकारताही येत नाही. बुलबुलाचे आयुष्य लहान आणि विणी अनेक असतात. एक घरटे गेले तर त्याच हंगामात दुसरे बांधता येते. जेमतेम दोन आठवडे उबवले की पिल्ले बाहेर येतात. असल्या पक्ष्याने ब्रेकरच्या शेजारी मरेपर्यंत बसून राहणे हे पुराणातल्या गोष्टीत शोभेल, निसर्गात त्याने वंश टिकत नाही. हाच हिशेब जुन्नर-आंबेगावकडच्या बिबट्याच्या मादीला लावला तर उत्तर उलटे येते. ऊसतोडीच्या हंगामात फड तुटत तुटत आत सरकतो आणि शेवटच्या पट्ट्यात, पाचटाच्या गादीवर तिची डोळे नुकतेच उघडलेली पिल्ले सापडतात. गलका होतो, मोबाइल निघतात, पिल्ले हाताळली जातात. मग वन खात्याची माणसे येतात, पशुवैद्य पिल्लांना तपासतात आणि अंधार पडायच्या सुमारास ती त्याच जागी क्रेटमध्ये घालून ठेवतात. कॅमेरा लावून सगळे दूर होतात. रात्री मादी येते. पुष्कळदा आधी नुसतीच घिरट्या घालून वास घेते, मग क्रेट पाडते, मानेच्या सैल कातड्याला धरून एक पिल्लू नेते आणि दुसऱ्यासाठी पुन्हा येते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे पिल्लांना साऱ्या गावाचे हात लागून गेलेले असतात. पण तीन महिन्यांची गर्भावस्था आणि पुढे वर्ष-दीड वर्ष सांभाळ, एवढे ज्या पिल्लांत ओतायचे असते ती इतक्या सहजासहजी सोडून जाणे त्या जातीला परवडणारे नसते. भीती तिलाही वाटतच असणार. ती दिवसभर लांबच्या फडात दबा धरून असते ती भीतीपोटीच.

माझे आजोळ कोल्हापूरच्या बाजूला. तिथल्या गोठ्यात एक पंढरपुरी म्हैस होती, खांद्यापलीकडे गेलेल्या लांब, तलवारी शिंगांची. धार काढायचे काम आजीचे. कोमट पाण्याने कास धुवायची, पुढ्यात भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचे आंबोण ठेवायचे, रेडकू क्षणभर लुचायला सोडायचे आणि मग पितळी चरवी गुडघ्यांत धरून बसायचे, हा क्रम कधी मोडला जात नसे. आम्ही मुलांनी त्या वेळी गोठ्यात बोलायचेदेखील नाही. एकदा आजी तापाने अंथरुणाला खिळली आणि मामी धारेला बसली. आंबोण तेच, रेडकू तेच, पण म्हैस पाय झाडत राहिली आणि चरवीच्या तळाला चार धारा वाजून थांबल्या. "चोरला बघा हिनं पान्हा," मामी वैतागून म्हणाली. आजीने आतूनच सांगितले, "चोरंल कशाला? बिचकलीया ती. माझं लुगडं गुंडाळून बस जा." मामी लुगडे गुंडाळून बसली. त्या संध्याकाळी दूध किती आले ते मला आठवत नाही, पण आजीने म्हशीची बाजू घेतली होती, एवढे पक्के आठवते.

तिचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. सडाला स्पर्श झाला की मेंदूकडून ऑक्सिटोसिन सुटते आणि कासेतल्या दूध साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जाऊन दूध खाली उतरते. अनोळखी जागा, अनोळखी हात, आरडाओरडा अशा वेळी मेंदू ऑक्सिटोसिन सोडतच नाही. दूध कासेत असते, पण ते उतरत नाही. जनावराने ते ठरवून रोखलेले नसते. आता याच जातीची म्हैस कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पाहा. रिक्षांचे भोंगे, दुचाक्यांची ये-जा, कडेला पेले घेऊन उभी माणसे, आणि ती रवंथ करत उभी. मालक गिऱ्हाइकापुरती धार काढतो, फेसाळ, कोमट पेला हातात देतो, थोड्या वेळाने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा बसतो, आणि ती पुन्हा पान्हा सोडते. आजोळची म्हैस एका परक्या लुगड्याने बिचकली आणि ही भर चौकात निवांत. म्हणजे नुसता आवाज किंवा गर्दी मोजून भागत नाही. रोजची वेळ, रोजचा हात, पुढे काय होणार याची खात्री यांना अधिक मोल आहे. आमच्या बुलबुलालाही रस्त्यावरच्या बसगाड्यांचे काही वाटत नव्हते. ब्रेकर मात्र कधी सुरू होईल आणि कधी थांबेल याला धरबंध नव्हता. तिला त्यानेच उठवले असावे, असे माझे आपले मत.

सगळेच काही उठून जात नाहीत. अलास्काच्या कुक इनलेट या आखातात किटिवेक नावाचे समुद्रपक्षी कड्यांवर घरटी करतात. तिथल्या एका बेटाजवळ मासे भरपूर आणि दुसऱ्याजवळ चणचण. अलेक्झांडर किटायस्की, विंगफिल्ड आणि जॉन पायट यांनी नव्वदच्या दशकात दोन्हीकडच्या पक्ष्यांचे रक्त तपासले, तेव्हा उपाशी बेटावरच्या आईबापांत कॉर्टिकोस्टेरॉन चढलेले दिसले. पुढे त्यांनी हेच संप्रेरक काही पक्ष्यांना बाहेरून दिले. त्या पक्ष्यांनी घरटे टाकले नाही, पण ते समुद्रावर अधिक वेळ राहू लागले आणि पिल्ले कड्यावर एकटी राहू लागली. पिल्लांना संप्रेरक दिले तर ती अधिक ओरडून अन्न मागू लागली, आणि आईबापांनी त्या ओरडण्याला दादही दिली. इथवर सारे ठीक वाटते. पण लहानपणी दीर्घकाळ ही पातळी चढलेली राहिलेल्या पिल्लांना पुढे अन्नाच्या खुणा ओळखायला शिकणे जड गेले. समुद्र तापला, माशांचे थवे हलले की त्याची नोंद आधी त्या केशनळीत होते आणि मग पिल्लाच्या डोक्यात. आईबाप दोन्हींच्या मधे असतात, जमेल तेवढे करत.

या विषयावरचे वाचताना मला खरे धरून ठेवले ते कॅलिफोर्नियातल्या टॅली बाराम यांच्या प्रयोगशाळेतल्या एका साध्या पिंजऱ्याने. उंदराची मादी व्यायली की ती पिंजऱ्यातला भुसा आणि कागदाच्या पट्ट्या ओढून बिळासारखी जागा करते आणि पिल्लांना पोटाशी घेते. प्रयोगात एवढेच केले की भुसा जवळजवळ काढून घेतला. अन्न भरपूर, पाणी भरपूर, मारझोड नाही. तरी आईचे वागणे तुटक होऊ लागले. ती पिल्लांशी येते, चाटायला लागते, अर्धवट सोडून उठते, काहीतरी शोधत फिरते, पुन्हा येते. दिवसाकाठी पिल्लांजवळ घालवलेला वेळ फारसा घटत नाही, पण त्याचे तुकडे तुकडे होतात आणि पुढचा तुकडा कधी येईल ते पिल्लाला कळेनासे होते. या पिल्लांच्या मेंदूवर आणि वागण्यावर त्याचा परिणाम मोठेपणीही दिसतो. माँट्रिअलमध्ये मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले होते की ज्या उंदरांना आईने पहिल्या दिवसांत भरपूर चाटले, ती मोठी झाल्यावर ताणातून लवकर सावरतात. आणि २००४ साली, की या चाटण्याची खूण कॉर्टिकोस्टेरॉनची दखल घेणाऱ्या जनुकावरच्या रासायनिक चिठ्ठ्यांत राहते. कमी चाटणाऱ्या मादीची पिल्ले भरपूर चाटणारीकडे वाढवली तर तीही शांत निघतात. उंदरावरून माणसावर उडी मारू नये, हे मला कळते, आणि अशा उड्या मारणाऱ्या लेखांचा मला कंटाळा आहे. तरीही पाचटातल्या बछड्यांचे वाचले की त्याच फडाच्या बांधावर साडीच्या झोळीत ठेवलेले ऊसतोड बाईचे तान्हे डोळ्यांपुढे येते. पहाटेच्या अंधारात फडावर जाऊन, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणारी ती बाई बाळाला पाजायला कधी येईल, ते मुकादमाच्या हाकेवर ठरते. तिलाही कोणीतरी म्हणतच असेल, कसली ही आई.

पण ताण म्हणजे नुसती हानी, असे म्हणायलाही जीव धजत नाही, कारण कॅनडाच्या यूकॉन प्रदेशातल्या तांबड्या खारी मध्ये येतात. ज्या वर्षी स्प्रूसच्या झाडांना शंकूंचा बहर येतो त्यानंतर खारींची गर्दी होते, आणि गर्दीत हद्द मिळवायची तर पिल्लू लवकर वाढलेले हवे. बेन डँट्झर आणि सहकाऱ्यांनी तिथे खारींच्या हद्द सांगणाऱ्या खडखडाटी हाका ध्वनिक्षेपकावरून ऐकवल्या. खरी गर्दी नव्हतीच, तरी गाभण खारींचे संप्रेरक वाढले आणि त्यांची पिल्ले झपाट्याने वाढली. शेंगदाण्याच्या लोण्यातून कॉर्टिसॉल खाऊ घातलेल्या माद्यांचेही तसेच झाले. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे आईच्या रक्तातला ताण हा पिल्लासाठी बाहेरच्या जगाची आगाऊ बातमीही असू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या झेब्रा फिंचवरचा २०१६ सालचा अभ्यास याच्याशी मिळताजुळता आहे. हवा २६ अंशांच्या वर गेली की उबवणीच्या शेवटच्या दिवसांत आईबाप अंड्यांशी एक विशिष्ट हाक देतात आणि ती ऐकलेली पिल्ले उष्ण घरट्यात मुद्दाम कमी वजनाची वाढतात. ऐकायला हे विलक्षण वाटते. मात्र बातमी उपयोगी पडते ती पुढचे दिवस बातमीसारखेच आले तर. खारींनी हजारो वर्षे स्प्रूसचे बहर पाहिले आहेत. ब्रेकरचा बहर कोणत्याच बुलबुलाच्या पूर्वजांनी पाहिलेला नाही.

शिवाय आकडा नेहमी वरच जातो असेही नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत नैसर्गिक वायूच्या विहिरींवरचे कॉम्प्रेसर अहोरात्र घरघरत असतात. तिथल्या घरट्यांतल्या माद्यांचे रक्त तपासले तेव्हा गोंगाट जास्त तिथे कॉर्टिकोस्टेरॉनची नेहमीची पातळी कमी आढळली. वाटावे, सरावल्या बिचाऱ्या. पण त्याच गोंगाटात वेस्टर्न ब्लूबर्डच्या अंड्यांतून पिल्ले कमी बाहेर आली. २०१८ सालच्या या अभ्यासात संशोधकांनी ती खालावलेली पातळी दीर्घ ताणाचीच खूण मानली. न उठता बसून राहिलेली आई सुखात असते असे समजायला म्हणून मी आता तयार नाही.

या सगळ्यात मला थोडा धीर देणारी एक नोंद कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फंडीच्या उपसागरातली आहे. उत्तर अटलांटिक राइट व्हेल जातीच्या माद्या उन्हाळ्यात पिल्लांना घेऊन तिथे येतात. रोझलिंड रोलंड आणि त्यांचे सहकारी बोटीवर शिकवलेले कुत्रे घेऊन जात. कुत्र्याने वास काढला की पाण्यावर तरंगणारी विष्ठा जाळीने उचलायची आणि तिच्यातले ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष मोजायचे, असे ते काम. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर जहाजांची वाहतूक एकदम घटली, पाण्याखालचा गोंगाट ६ डेसिबलने उतरला, आणि त्या दिवसांतल्या नमुन्यांत संप्रेरकेही उतरलेली दिसली. पुढच्या वर्षांत त्याच काळात तसे दिसले नाही. हा निष्कर्ष २०१२ साली छापून आला. आपल्याकडे जहाजे थांबवायची नाहीत आणि पुनर्विकासही थांबणार नाही. पण पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या म्हणून आपल्या शहरांत करवत चालते ती एप्रिल-मेमध्ये, म्हणजे बुलबुल, शिंजीर, कावळे यांच्या विणीच्या ऐन हंगामात, आणि मग फांदीबरोबर आलेली पिल्ले बुटांच्या खोक्यात घालून माणसे पक्षिमित्रांचे फोन नंबर शोधत बसतात. हीच छाटणी ऐन हिवाळ्यात उरकली तरी पावसाळ्यात पडायच्या फांद्या पडणार नाहीतच. त्यासाठी कोणाच्या पंखाखालून रक्त काढायला नको. कामाच्या निविदेतले महिने तेवढे बदलायला हवेत.